स्थानिक गंधाच्या मर्यादेत

फोल्कमार डिंकेल यांच्या गाडीत डिझेलचा वास येत होता, ही गोष्ट अखेरपर्यंत शासकीय पातळीवर सिद्ध होऊ शकली नाही. त्यासाठी कुणाची हयगय झाली असं मात्र म्हणता येणार नाही. ज्याने त्याने आपलं काम चोख केलं. म्हणूनच ती सिद्ध झाली नाही.

डिंकेल हे हिंटरमोसबाख गावातले नाकासमोर चालणारे गृहस्थ. जिल्ह्याच्या वजनमापं तपासणाऱ्या कचेरीत त्यांची उभी हयात गेली होती. खाटकाचा काटा, पेट्रोल पंपाचं मीटर, बिअरच्या पेल्यावरची रेघ, सगळ्यांवर त्यांचा शिक्का. शिक्का बसला की किलो हा किलो. त्याआधी ते नुसतं मांस, असं ते म्हणत, आणि विनोद म्हणून म्हणत नसत. त्यांची बायको रोस्विता शेजारणींना सांगायची, "नोंदणी कचेरीतल्या बाईने लग्नाच्या कागदावर शिक्का मारला म्हणून मी याची बायको. नुसतं 'हो' म्हटलं असतं, तर हा अजून खात्री करत बसला असता."

अशा माणसाने निवृत्तीनंतर जुनी गाडी घ्यायची म्हणजे गंमत नव्हे. पण कारणही तसंच होतं. मुलीला, फ्रीडरिकेला, मुलगी झाली होती. पहिली नात, माथिल्डा. तिचा बाप्तिस्मा गावच्या चर्चमध्ये व्हायचा होता. आगगाडीचं स्टेशन शेजारच्या गावात, आणि रविवारची बस फक्त वेळापत्रकात धावायची. डिंकेल यांनी जाहीर केलं, "माझ्या नातीला चर्चमध्ये मी नेणार. माझ्या गाडीतून. आणि बाप्तिस्म्याच्या कुंडापर्यंत माझ्या हातावरून." आयुष्यात त्यांनी जाहीर केलेली, कोणत्याही नियमाचा आधार नसलेली ही एकमेव गोष्ट. रोस्विताला त्या दिवशी नवरा नव्याने आवडला.

गाडी विकणारे एगॉन फ्लायडरर हे निवृत्त भूगोलशिक्षक. गाडी त्यांनी गॅरेजात लोकरी पांघरुणाखाली ठेवली होती, आजारी काकूला ठेवावं तशी. डिंकेल यांनी देखभालीची वही उघडली. एकेक शिक्का जागच्या जागी, एकही पुसट नाही. मागच्या नंबरप्लेटवर तपासणीची गोल चकती कोरी करकरीत, पुढची दोन वर्षं कुणी हात लावायची गरज नाही अशी. आरशाला कागदी देवदाराची तीन सुवासिक झाडं टांगलेली होती.

रोस्विता शेजारच्या सीटवर बसली आणि म्हणाली, "वास येतोय."

"डिझेल गाडी आहे, बाई," फ्लायडरर म्हणाले. "डिझेलचाच येणार. लॅव्हेंडरचा हवा असेल तर साबण घ्या."

"पण ही तीन झाडं कशाला मग?"

"मला जंगल आवडतं."

डिंकेल शिक्के बघत होते. नाक त्यांनाही होतं, त्या नाकाने काहीतरी सांगायचा प्रयत्नही केला. पण नाकावर शिक्का नव्हता. करारात नेहमीचं वाक्य होतं: गाडी जशी पाहिली तशी घेतली. पाहिली तशी. हुंगली तशी असं त्यात कुठेच नव्हतं, आणि डिंकेल यांनी करार दोनदा वाचला होता.

घरी येताना हीटर लावला तसा वास समोरच्या झरोक्यांतून आला आणि मांडी ठोकून बसला. झाडं काढली तर तो वाढला, झाडं लावली तर डिझेल प्यायलेल्या जंगलासारखा झाला.

पुढच्या रविवारी फ्रीडरिके बाळाला नवऱ्याकडे ठेवून एकटीच आली. वडील मोठ्या हौसेने तिला स्टेशनवर घ्यायला गेले. पहिल्या वळणालाच ती म्हणाली, "पपा, थांबव. मला उतरू दे."

"काय झालं?"

"काय झालं? तू श्वास घेतोस की नाही? या गाडीत माथिल्डा बसणार नाही."

"प्लेटवर दोन वर्षांची मुदत आहे!"

"माथिल्डा चार महिन्यांची आहे, पपा. तिला प्लेट वाचता येत नाही."

हे वाक्य डिंकेल यांना लागलं. वास असेल तर तो आहे असं सिद्ध करून काढून टाकायचा, आणि नसेल तर नाही असं सिद्ध करायचं, या दोनच वाटा त्यांना दिसल्या. तिसरी वाट बॉनेट उघडून आत बघण्याची होती, पण ती वाट त्यांच्या अधिकारात बसत नव्हती.

गॅरेजचे मालक उवे श्नायट यांनी गाडीला संगणकाची वायर जोडली आणि पडद्याकडे बघत राहिले, डॉक्टर रोग्याकडे न बघता अहवालाकडे बघतात तसे.

"काय म्हणतं यंत्र?" डिंकेल यांनी विचारलं.

"ठणठणीत. एकही दोष-कोड नाही. इतकी निरोगी गाडी या महिन्यात आली नव्हती."

"पण वास?"

श्नायट यांनी खिडकीतून डोकं आत घातलं आणि घातलं त्याच्या दुप्पट वेगाने बाहेर काढलं. "आहे हो," ते डोळे पुसत म्हणाले. "चांगला सणसणीत आहे."

"मग लिहा तसं."

"काय लिहू? वासाला कोड नाही. कोड नाही तर कामाचा आदेश निघत नाही."

"बॉनेट तर उघडून बघाल?"

"कोडाशिवाय बॉनेट?" श्नायट यांचा चेहरा खरोखर दुखावला गेला. "डिंकेलसाहेब, तुम्ही सरकारी माणूस. तुम्ही मला हे सांगता? उद्या काही झालं तर विमा कंपनी विचारेल, कोणत्या आधारावर उघडलंत? काय सांगू? नाकाने सांगितलं?"

डिंकेल यांच्या मनात श्नायट यांच्याविषयी आदर दाटून आला. त्यांच्या जागी ते असते तर हेच म्हणाले असते, फक्त खुर्चीत बसून.

तिथून ते तपासणी केंद्रावर गेले. परीक्षक ट्राउटबाई चष्मा कपाळावर ठेवून गाडीखाली शिरल्या, बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "गळती नाही."

"वास आहे."

"आमच्याकडे गळती म्हणजे थेंब. आणि थेंब म्हणजे जो खाली पडतो तो."

"अहो, तो पडायच्या आत गरम इंजिनावर उडून जातो. म्हणून तर वास येतो!"

"उडून गेला ना?" ट्राउटबाई समजुतीने म्हणाल्या. "म्हणजे गाडीत राहिला नाही. जो गाडीत राहिलाच नाही, तो गाडीचा दोष कसा धरायचा?"

डिंकेल यांना या युक्तिवादात चूक सापडेना. 

"आम्ही बघतो," बाई पुढे म्हणाल्या. "आम्ही ऐकतोही, हॉर्न वाजवून. हुंगण्याचा रकाना आमच्याकडे नाही. प्लेटवरची ही चकती मीच लावली आहे, तुम्हाला सांगते. त्या दिवशी मला अशी सर्दी होती की कॉफी आणि रॉकेल सारखंच लागत होतं. पण कामात तसूभर फरक पडला नाही, कारण नियमात नाक लागतच नाही. वासाचं म्हणाल तर तो पर्यावरणाकडे. डुकरांच्या गोठ्यांचा वास मोजणारं गंधनिर्धारण मंडळ आहे ना जिल्ह्यात, त्यांना गाठा."

आपल्या जिल्ह्यात वास मोजतात, तोही शिक्क्यासकट, हे ऐकून डिंकेल यांना रात्री शांत झोप लागली.

गंधनिर्धारण मंडळ म्हणजे चार नाकं आणि एक अध्यक्ष. चारही नाकांची दरसाल परीक्षा होते; मोजणीच्या आदल्या दिवशी त्यांना कांदा, लसूण, अत्तर आणि भांडण वर्ज्य असतं. अध्यक्ष डॉ. आल्ब्रेश्ट वुर्स्टर यांनी गाडी चर्चसमोरच्या चौकात उभी करवली, इंजिन चालू, हीटर पूर्ण, काचा बंद, आणि चारही नाकं आत बसवली. गावात घरटी पाळीने रस्ता झाडायचा आठवडा कुणाचा का असेना, त्या दिवशी सगळा गाव चौकात झाडत होता.

थोड्या वेळाने मागचं दार उघडलं. चार नाकांपैकी एक धिप्पाड बाई बाहेर आल्या आणि लिंडनच्या झाडाला मिठी मारून उभ्या राहिल्या. "मला मळमळतंय."

"मळमळ हा आरोग्य विभागाचा विषय," डॉ. वुर्स्टर म्हणाले. "तुम्ही फक्त तीव्रता सांगा."

बाईंनी बोटं वर केली. किती ते झाडामागून नीट दिसलं नाही, पण नोंद झाली.

आता नियम असा, की कुठलाही वास नुसता मोजायचा नसतो. त्यातून त्या जागेचा मूळचा वास वजा करायचा असतो. त्याला स्थानिक पार्श्वगंध म्हणतात. आणि त्याच सकाळी चौकापलीकडच्या शेतकऱ्याने, वसंताचा मोका साधून, गोठ्यातल्या शेणामुताच्या पातळ स्लरीचा अख्खा टँकर आपल्या शेतावर फवारला होता. डॉ. वुर्स्टर यांनी बाहेरची हवा मोजली, आतली मोजली, वजाबाकी केली, पुन्हा केली. उत्तर शून्याच्या खाली गेलं.

"गाडीतील गंध स्थानिक गंधाच्या मर्यादेत असून," त्यांनी उभ्या उभ्या मजकूर सांगितला, "परिसरातील हवेच्या तुलनेत सदर वाहन सुगंधी गणण्यास हरकत नाही."

"अहो, पण तो गोठ्याचा वास आहे, हा डिझेलचा!" डिंकेल कळवळले.

"आम्ही तीव्रता मोजतो, डिंकेलसाहेब. घराणं नाही."

आणि त्यांनी शिक्का मारला. गोल, निळा, कडा कुठेही न तुटलेला. कागदाने शाई किती प्यावी याचंसुद्धा एक शास्त्र असतं, आणि त्या शिक्क्यात ते तंतोतंत उतरलं होतं. डिंकेल यांनी प्रमाणपत्र हातात घेतलं तेव्हा त्यांची तक्रार काय होती हे त्यांना क्षणभर आठवेना.

दुसऱ्या दिवशी न्याहारीला त्यांनी विषय काढला. "रोस्विता, मानक एक सांगतं आणि माप दुसरं. चूक कुणाची?"

"या पावालासुद्धा डिझेलचा वास येतोय, फोल्कमार. तू हात धुतलेस?"

"मापाची. नेहमी मापाची. सबंध नोकरीत एकदाही मानक चुकलेलं मी पाहिलं नाही. प्रमाणपत्र हे मानक. म्हणजे माझं नाक चुकतंय."

"आणि माझं?"

"तुझंही. फ्रीडरिकेचंही. कुटुंबात असतं असं."

"मी तुझ्या कुटुंबात लग्न करून आले," रोस्विता म्हणाली. "नाक मी माहेरून आणलंय."

पण डिंकेल टोपी घालून नाकाच्या डॉक्टरांकडे निघालेही होते. डॉक्टरांनी नळ्या घातल्या, बाटल्या हुंगवल्या आणि अभिनंदनाच्या सुरात म्हणाले, "उत्तम नाक आहे! या वयात असं नाक फार थोड्यांचं असतं."

डिंकेल यांचा चेहरा पडला. "म्हणजे सरासरीहून वेगळं?"

"बरंच तीक्ष्ण."

"म्हणजे विचलन आहे."

"तसं म्हणायचंच झालं तर..."

"लिहून द्या."

बाहेर रोगी ताटकळत होते. डॉक्टरांनी लिहून दिलं. उपचार विचारल्यावर, पिच्छा सुटावा म्हणून, तेही सांगितलं: ज्या वासाचा त्रास होतो त्यात रोज बसावं. नाक दमलं की तक्रार करायचं थांबतं.

मग रोज दुपारी डिंकेल गावाला एक फेरी मारून गाडी गरम करायचे, अंगणात लावायचे आणि काचा बंद करून आत वर्तमानपत्र वाचत बसायचे. सुरुवातीला त्यांचं डोकं दुखे. मग डोकं दुखायचं थांबलं आणि अक्षरं हलू लागली. पुढे अक्षरंही स्थिरावली. आणि एका दुपारी, जिल्हा परिषदेच्या अर्थसंकल्पाची बातमी वाचता वाचता, वास नाहीसा झाला.

"गेला!" ते अंगणात ओरडले. "रोस्विता, गेला!"

रोस्विता दारातून ॲप्रनचं टोक नाकाला लावून बाहेर आली. "तुझा गेला," ती म्हणाली.

एवढं बोलून ती थांबली असती तर बरं झालं असतं. पण ती सरळ पुढे गेली, तिने खटका ओढला, बॉनेट उचललं, आणि स्वयंपाकघरातला कागदी रुमाल घेऊन इंजिनावरून फिरवला. एका ठिकाणी रुमाल ओला झाला. "हे बघ. ही एवढीशी रबराची नळी. तडकली आहे. डिझेल पाझरतंय, इंजिनावर तापतंय आणि या जाळीतून आत येतंय. श्नायटला म्हणावं, कोड मी देते. नळी बदल आणि विषय संपव. तिला हातावर घ्यायचंय ना तुला?"

डिंकेल यांनी ओल्या रुमालाकडे पाहिलं. खोटं कशाला बोला, क्षणभर ते डळमळले. मग त्यांच्या डोळ्यांसमोर सगळी साखळी उभी राहिली.

"नळी बदलली म्हणजे ती तडकली होती हे आलं," ते हळू आवाजात म्हणाले. "तडकली होती म्हणजे वास होता. वास होता म्हणजे मंडळाचं प्रमाणपत्र खोटं, ट्राउटबाईंची चकती खोटी, श्नायटचं यंत्र खोटं. एका बोटभर रबरासाठी तू अख्ख्या जिल्ह्याला खोटं पाडणार?"

"हो," रोस्विता म्हणाली.

"शिवाय प्रमाणपत्र ज्या अवस्थेतल्या गाडीला दिलंय त्याच अवस्थेसाठी वैध आहे. खाली बारीक अक्षरात लिहिलंय. नळी बदलली की ते रद्द. मग आपल्याकडे उरतं काय?"

"चांगली गाडी."

"कागदाशिवाय?" डिंकेल यांनी बॉनेट हळुवारपणे मिटलं. "आणि हा रुमाल. कुणी प्रमाणित केलाय हा?"

रोस्विताने रुमाल कचऱ्यात टाकला. कोणत्या डब्यात टाकावा यावर त्यांचं पुन्हा भांडण झालं, पण ते वेगळं.

बाप्तिस्म्याच्या रविवारी डिंकेल आणि रोस्विता स्टेशनवर उभे होते. रोस्विता चालत आली होती. मागच्या सीटवर बाळाची खुर्ची नियमाप्रमाणे बसवलेली होती, ती पक्की असल्याचंही एक पत्र होतं. फ्रीडरिके, तिचा नवरा आणि पांढऱ्या झग्यातली माथिल्डा आगगाडीतून उतरली. फ्रीडरिकेने गाडीचं दार उघडलं आणि मिटलं.

"पपा."

डिंकेल यांनी खिशातून प्रमाणपत्र काढलं. मुलीने ते उन्हात धरून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. आपली मुलगी बारीक अक्षरंही वाचते हे पाहून त्यांना अभिमान वाटला.

"यात लिहिलंय की ताज्या खताच्या शेतापेक्षा तुझी गाडी बरी."

"अधिकृतरीत्या!"

"मग आम्ही शेतातूनच येतो," ती म्हणाली, आणि बाळाला छातीशी बांधून चालू लागली. नवरा मागोमाग गेला. रोस्विताही.

डिंकेल शेतालगतच्या रस्त्याने त्यांच्या चालीने गाडी चालवत राहिले. मागे रिकामी खुर्ची होती. तिचा पट्टा त्यांनी लावून घेतला होता. अधूनमधून ते काच खाली करून विचारत, "दमलात का?" आणि पलीकडून चौघंही, म्हणजे झोपलेली माथिल्डा सोडून तिघं, पावलं भरभर टाकत.

चर्चमध्ये वेळ झाली तेव्हा धर्मगुरू बाईंनी आजोबांना पुढे बोलावलं. फ्रीडरिकेने थोडा विचार केला आणि बाळ वडिलांच्या हातावर दिलं. त्यांनी आधीच जाहीर केलं होतं ना. डिंकेल यांनी तिला घेतलं, वजनाचा मनात अंदाज केला, आणि आयुष्यात प्रथमच काटा मागावासा त्यांना वाटला नाही. ते एक पाऊल चालले. माथिल्डाने डोळे उघडले, नाक मुरडलं, शिंकली, आणि मग तिने जो सूर लावला त्याने ऑर्गन वाजवणाऱ्याचा हात थांबला.

माथिल्डाचा धर्मपिता म्हणून उभ्या राहिलेल्या पाहुण्याच्या हातात बाप्तिस्म्याची पेटती मेणबत्ती होती. तो डिंकेल यांच्या कोटाकडे बघत मागे सरकला. अजून मागे सरकला. रोजच्या उपचाराने कोट असा मुरला होता की धर्मगुरू बाई वाकून कुजबुजल्या, "डिंकेलसाहेब, रागावू नका, पण ज्योतीपासून जरा लांब उभे राहाल का?"

"पपा," फ्रीडरिके हळूच म्हणाली, "दे इकडे." तिने बाळ काढून घेतलं. बाळ तिच्या खांद्याशी लगेच गप्प झालं. "तू मागच्या बाकावर बस हं."

डिंकेल मधल्या वाटेने मागे गेले. ते जसजसे जवळ येत तसतशी दोन्ही बाजूंची माणसं बाकांवर आत सरकत गेली, सभ्यपणे, डोळे प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवून. ट्राउटबाई होत्या, त्यांनी छताकडे बघितलं. कुणीही काही म्हणालं नाही. कुणाकडेच कोड नव्हता. शेवटी कुणीतरी बाजूची खिडकी उघडली. शेतावरच्या स्लरीच्या वासाचा झोत आत आला, आणि सबंध चर्चने पोटभर श्वास घेतला. काही झालं तरी तो वास गावचा होता.

शेवटच्या बाकावर श्नायट बसले होते. डिंकेल यांनी त्यांच्या हातात प्रमाणपत्र दिलं. श्नायट यांनी एका हाताने नाकाला रुमाल धरला, दुसऱ्या हाताने कागद दूर धरून पाहिला आणि मनापासून म्हणाले, "शिक्का काय सुरेख उमटलाय हो!"

"उमटलाय ना?" डिंकेल म्हणाले. पुढे कुंडापाशी कुणाच्या तरी दुसऱ्याच हातावर माथिल्डाच्या कपाळाला पाणी लागत होतं. ते इथून नीट दिसत नव्हतं. डिंकेल यांनी कागदाची घडी पूर्वीच्याच रेघांवर घातली आणि तो आतल्या खिशात, छातीशी ठेवला.

माथिल्डाला अजून वाचता येत नव्हतं. म्हणून तिला वास आला. तुम्हाला चांगलं वाचता येतं, इथवर वाचलंतच. आता आहात तिथेच, आपल्या घरात, आपल्या कागदपत्रांच्या कपाटाशेजारी, एक खोल श्वास घेऊन बघा.

काही नाही ना?

बघा. म्हणजे सगळं मर्यादेतच आहे.